ओक म्हणजे नेमका कोणता वृक्ष?

मसुरीस किंवा शिमल्यास बदलीवर गेलेल्या मराठी माणसास 'ओक' म्हटले की प्रथम आडनाव आठवते आणि मग खिडकीबाहेरचे झाड. त्या झाडाचे खरे नाव शोधू लागलो, आणि आम्ही चांगलेच घोटाळ्यात पडलो.

वनखात्याच्या इंग्रजी पुस्तकांत हिमालयातील तीन प्रमुख ओकांना रंगांची नावे आढळतात : करडा किंवा पांढरा, हिरवा आणि तपकिरी. इंग्लंडातील सुतार मात्र ही नावे ऐकून भलतेच समजेल. त्याच्या लेखी 'ग्रीन ओक' म्हणजे न सुकविलेले लाकूड, तर 'ब्राउन ओक' म्हणजे बुरशीने तपकिरी झालेला गाभा. अमेरिकेतील 'व्हाइट ओक' हा पिंपांच्या लाकडासाठी नावाजलेला निराळाच वृक्ष. आपल्याकडील रंग लाकडाशी नव्हे, पानाच्या पाठीशी जुळतो. बांजाचे पान उलटावे, तो पांढुरकी लव. मोरूचे दोन्हीकडून हिरवे. खरसूचे मागून तांबूस तपकिरी.

लॅटिन नावाने तरी सुटका व्हावी! पण रॉक्सबर्ग यांच्या १८३२ साली छापलेल्या ग्रंथात बांजास दिलेले 'क्वेर्कस इन्काना' हे नाव विल्यम बार्ट्रॅम यांनी १७९१ मध्येच एका अमेरिकन ओकास देऊन टाकले होते. मागाहूनचे नाव बाद झाले, आणि एमे कामू या फ्रेंच विदुषींनी बांजास 'ल्यूकोट्रायकोफोरा' म्हटले. अर्थ, पांढरे केस धारण करणारा. शेवटी तीच पानाची पाठ!

पहाडी माणसाची नावेही दरीगणिक बदलतात. शिमल्याकडे बांजाचा 'बान' होतो. गढवालातील मोरू कुमाऊँत 'तिलोंज' म्हणून ओळखला जातो. तथापि गुरांसाठी पाला तोडणारी बाई एका झाडाऐवजी दुसऱ्यावर चढत नाही. चारा, सरपण आणि झऱ्याचे पाणी यांसाठी तिला बांज हवा. खात्याची दृष्टी होती चिडाच्या राळेवर व लाकडावर. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊँतील वने राखीव झाली आणि गावकऱ्यांचे हक्क आक्रसले. १९२१ साली त्या संतापाने वणवे पेटले. जळाली ती मुख्यतः चिडाची वने. बांजाचे रानही सरकारचेच होते. त्यास कोणी काडी लावली नाही.