हिंगणीचा निस्तार आणि वर्ध्याचा ग्रामोद्योग

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणी ह्या गांवाविषयीं लिहावयाचें तर प्रथम एक घोटाळा दूर करणें अवश्य आहे. नागपूरकर भोंसल्यांस हिंगणीकर म्हणत, एवढ्यावरून बोर नदीच्या कांठचें हें हिंगणी म्हणजेच त्या घराण्याचें मूळ गांव, अशी कोणाचीहि समजूत होणें शक्य आहे. परंतु भोंसल्यांचें हिंगणी तें भीमेकडील हिंगणी-बेरडी होय; त्याचा व ह्या गांवाचा नामसादृश्यापलीकडे संबंध नाहीं. हिंगणा, हिंगणघाट, हिंगणी अशीं नांवें नागपूर प्रांतांत वारंवार येतात. तीं हिंगण नांवाच्या कांटेरी झाडावरून पडलीं असावींत, असें आम्हांस वाटतें. तेव्हां ह्या गांवाचा इतिहास राजवंशाच्या बखरींत न शोधतां रानांत, शिवारांत आणि त्या दोहोंसंबंधीं लिहिलेल्या कागदांत शोधिला पाहिजे.

शोधावयाचा प्रश्न असा: गांव काय खातें, तें कोठून मिळवितें, आणि पुढील वर्षीं पुन्हा मिळावें म्हणून काय राखून ठेवितें? ह्या प्रश्नाचा पद्धतशीर विचार वर्ध्यास इ. स. १९३४ पासून झाला व त्यावर छापील साहित्यहि विपुल आहे. परंतु तें साहित्य संस्थेच्या बाजूचें आहे. गांवाच्या बाजूचा पुरावा निराळ्या दप्तरांत पडून आहे. हे दोन पुरावे शेजारीं ठेविल्यावांचून ग्रामोद्योगाच्या चळवळीचें खरें मोल ठरवितां येणार नाहीं, हें आम्हांस ह्या लेखांत दाखवावयाचें आहे.

हिंगणी सेलू तालुक्यांत आहे. एका अंगास बोरचें डोंगराळ जंगल आणि दुसऱ्या अंगास काळी जमीन, अशी तेथील रचना आहे. ह्या भागांत जेवण ज्वारीच्या भाकरीचें व तुरीच्या वरणाचें. गहूं, हरभरा, जवस हीं रब्बीचीं पिकें. आणि नगदी पीक कापसाचें. तेल बहुधा जवसाचें असे व तें गांवच्या तेल्याच्या घाण्यावर निघे. रानांतून मोहाचीं फुलें, चारोळी, टेंभरें, सरपण व गवत येई. गुरें वर्धा जिल्ह्याच्या प्रसिद्ध गवळाऊ जातीचीं. त्यांचा चारा कांहीं शेतांतला, कांहीं रानांतला. म्हणजे गांवाचें अन्न केवळ शेतांत पिकत नव्हतें. अर्धें खातें शेतकऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर चाले, व अर्धें अशा जमिनीवर कीं जिच्यावर त्याची मालकी नसून वहिवाट होती.

ह्या वहिवाटीस आपल्याकडे निस्तार असें म्हणतात. शब्द मूळ संस्कृत. पार पडणें, निभावून जाणें हा त्याचा अर्थ. ज्यावर गांवाचें निभतें तो निस्तार. इ. स. १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झालें, इ. स. १८६१ मध्यें मध्यप्रांत बनला, व पुढील वर्षीं वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा काढण्यांत आला. त्या दशकांत बंदोबस्त होऊन, जे पूर्वीं वसुलाचे जबाबदार पाटील होते त्यांस मालगुजार म्हणून गांवाची मालकी मिळाली. मालकी एकाची झाली तरी गुरें साऱ्या गांवाचीं होतीं. म्हणून बंदोबस्ताच्या कागदांत गांवाच्या चालीरीती नोंदण्याची पद्धति पडली. ह्या नोंदीच्या कागदास वाजिब-उल-अर्ज, म्हणजे निवेदन करण्यास योग्य तें, असें नांव आहे. गुरें कोठें चरावींत, सरपण व औतांचीं लांकडें कोठून घ्यावींत, तळ्याचें पाणी कोणीं व कोणत्या क्रमानें घ्यावें, वाट कोठून जावी, असे प्रश्न त्यांत येतात. सनदा व महजर जुळविणाऱ्यांस हा कागद रुक्ष वाटेल. परंतु गांवानें आपल्या भाकरीसंबंधीं लिहून ठेविलेला कागद ह्याहून जवळचा मिळणें कठीण.

येथें एका लोकप्रिय कल्पनेस आळा घातला पाहिजे. पूर्वीं प्रत्येक खेडें स्वयंपूर्ण होतें व सुखांत होतें, असें लिहिण्याचा प्रघात आहे. मीठ व लोखंड बाहेरूनच येत असे, हें तर उघड आहे. शिवाय इ. स. १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोंचली, आणि वर्ध्याच्या खोऱ्यांतला कापूस मुंबईच्या वाटेनें विलायतेस जाऊं लागला. हिंगणघाटी कापसाचें नांव तेथील बाजारांत झालें. इ. स. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांचा तडाखा मध्यप्रांतास बसला, तेव्हां आगगाडी होती व बाजारहि होता. दुसरें असें कीं, जुन्या चालींत जशी चराई आहे तशी वेठहि आहे. पाण्याचा क्रम लिहिणाऱ्यांनीं अस्पृश्यांस विहिरीपासून दूर ठेविलें, हेंहि त्याच व्यवस्थेचें अंग होय. निस्ताराचा कागद वाचावयाचा तो गौरवासाठीं नव्हे. कोणाचें निभत होतें व कोणाचें निभत नव्हतें, हें त्यावरून पाहावयाचें आहे.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. इ. स. १९३४ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या काँग्रेसनें ठराव केला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू हे अध्यक्ष व जे. सी. कुमाराप्पा हे चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनीं आपला बाग संघास दिला, व मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्यास मगनवाडी हें नांव पडलें. इ. स. १९३५ मध्यें स्वतः गांधीजी तेथें राहावयास आले. तेथील भोजनगृह म्हणजे एक प्रयोगशाळाच होती. हातसडीचे तांदूळ, जात्यावरचें पीठ, घाण्याचें तेल, गूळ, सोयाबीन, कच्चा पाला, इतकेंच काय पण चिंच व कडुनिंबाचीं पानें, हीं सारीं ताटांत येत व त्यांच्या गुणदोषांची चर्चा होई. ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी शेगांवास गेले. वऱ्हाडांतील शेगांवाशीं घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊं लागलें, म्हणून इ. स. १९४० मध्यें त्या गांवाचें सेवाग्राम झालें. नामसादृश्याचा त्रास हिंगणीपुरताच नाहीं, हें यावरून दिसेल.

कुमाराप्पा हे शिक्षणानें हिशेबतपासनीस व अर्थशास्त्रज्ञ. संघांत येण्यापूर्वीं गुजरातेंतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी त्यांनीं केली होती. म्हणून त्यांच्या लिखाणांत उपदेशापेक्षां जमाखर्च अधिक. तेलाचेंच उदाहरण घ्या. घाण्यावर तेल निघालें तर पेंड गांवांत राहते, ती बैल खातो, त्याचें शेण शेतांत जातें. तेलबी गिरणीकडे गेली तर तेल तेवढें बाटलींतून परत येतें, पेंड येत नाहीं. म्हणजे जमिनीचा कस गांवाबाहेर विकला जातो व त्याची नोंद कोणाच्याच वहींत होत नाहीं. झवेरभाई पटेल यांनीं मगनवाडींत घाणा सुधारून एका फेरीस अधिक बी घेईल असा केला, तो मगनघाणी ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. ३० डिसेंबर १९३८ रोजीं मगन संग्रहालय उघडलें व हीं साधनें लोकांस पाहावयास मिळालीं.

हातसडीच्या तांदुळावर संघानें फार भर दिला, तो देशाच्या दृष्टीनें योग्यच होता. परंतु बोरच्या खोऱ्यांत मुख्य अन्न ज्वारी. ती घरच्या जात्यावर दळली जाई व तिचा कोंडा गिरणीनें काढून टाकण्याचा प्रश्न नव्हता. येथें घाव बसला तो तेलावर व चाऱ्यावर. सबंध देशाकरितां केलेला कार्यक्रम एखाद्या गांवास लागू करितांना कोणतें कलम तेथें खरें व कोणतें गैरलागू, हें ठरविण्यास गांवचाच कागद लागतो. कुमाराप्पांस ही उणीव दिसली होती असें मानण्यास जागा आहे. त्यांच्या अध्यक्षतेखालीं मध्यप्रांत व वऱ्हाडची औद्योगिक पाहणी होऊन इ. स. १९३९ मध्यें तिचा अहवाल निघाला. त्यासाठीं सहाशेंहून अधिक खेडीं पाहण्यांत आलीं होतीं.

पुढें तुरुंगांत असतां त्यांनीं चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला व तो इ. स. १९४५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत एक लक्ष लोकवस्तीच्या प्रदेशानें आपल्या जमिनीची वांटणी कशी करावी, ह्याचें कोष्टक आहे. माणशीं रोज सुमारें अर्धा शेर धान्य, शिवाय डाळ, गूळ, तेल, दूध, भाजी व फळें धरून २८६० उष्मांक; आणि त्यासाठीं कोणत्या पिकास किती एकर. बाजारांत जास्त भाव कशास आहे तें पेरूं नये, शरीरास काय पाहिजे तें आधीं पेरावें, हा त्याचा इत्यर्थ. ह्या मताची परीक्षा करण्यासाठीं, मगनवाडी सोडल्यावर कुमाराप्पांनीं जें खेडें निवडलें, तें सेलडोह, हिंगणीच्याच सेलू तालुक्यांतलें. तेथील पन्नई आश्रमांत शेती हेंच केंद्र होतें; पन्नई ह्या तामिळ शब्दाचा अर्थच शेतमळा असा आहे. कांहीं वर्षांनीं प्रकृतीमुळें ते दक्षिणेंत कल्लुपट्टीस गेले व ३० जानेवारी १९६० रोजीं वारले.

ह्या कोष्टकांत आम्हांस एक रकाना रिकामा दिसतो. धान्यास, कापसास, भाजीस एकर दिले आहेत. परंतु ज्या गाईचें दूध धरलें आहे ती चरते त्या रानाचा हक्क कोणाचा, हें कोष्टक सांगत नाहीं. तो रकाना भरावयाचा तो निस्ताराच्या कागदानें. चळवळीचे प्रयोग कोठें टिकले व कोठें मावळले, ह्याचें कारण केवळ कार्यकर्त्यांच्या निष्ठेंत शोधणें पुरेसें नाहीं. घाणा सुधारला, पण बैलाचा चारा आटला, तर घाणा थांबणारच.

आणि चारा आटण्याचा इतिहास तर त्यानंतरच घडला. ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी संपली व गांवाचें रान सरकारकडे आलें. इ. स. १९५६ मध्यें वर्धा जिल्हा मुंबई राज्यांत व इ. स. १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. इ. स. १९६५ मध्यें हिंगणीजवळ बोर नदीवर धरण झालें. शेतास पाणी मिळालें, ही जमेची बाजू. इ. स. १९७० मध्यें बोरचें रान अभयारण्य ठरलें व इ. स. २०१४ मध्यें व्याघ्रप्रकल्प. वन्य प्राण्यांचें रक्षण व्हावें ह्याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु ज्या रानावर अन्नाचें अर्धें खातें चालत होतें तें खातें क्रमाक्रमानें बंद होत आलें, हेंहि तितकेंच खरें. घाण्याचें तेल व विषमुक्त धान्य ह्यांविषयीं आज वर्ध्याकडे पुन्हा आस्था दिसते. ती आस्था असणाऱ्यांनीं हा हिशेब आधीं वाचावा, अशी आमची विनंती आहे.

जुना कागद केवळ जिज्ञासेचा विषय आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता इ. स. १९६६ ची, तिच्या १६१ व्या कलमांत निस्तारपत्रक व १६५ व्या कलमांत वाजिब-उल-अर्ज ह्यांस आजहि स्थान आहे. इ. स. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तर निस्तार हा सामुदायिक हक्क म्हणून नांवानिशीं मान्य केला. मालगुजारांसारख्या मध्यस्थांच्या अमलांत चालत आलेले हक्कहि त्यांत येतात. जे आदिवासी नाहींत, पण पिढ्यानपिढ्या रानावर जगत आले, त्यांस १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वींची तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वस्ती दाखवावी लागते. हा हिशेब इ. स. १९३० पर्यंत मागें जातो. त्या काळचा मनुष्य साक्षीस आणणें आतां शक्य नाहीं. साक्ष द्यावयाची ती कागदानेंच. गडचिरोलीकडील मेंढा-लेखा ह्या गांवास इ. स. २००९ मध्यें आपल्या रानावरचा सामुदायिक हक्क मिळाला, हें उदाहरण सर्वांसमोर आहे.

म्हणून पोथ्या व दप्तरें गोळा करणाऱ्या आमच्या बंधूंस सांगणें आहे कीं, वर्ध्याकडे जाणें झाल्यास बखरींबरोबर ह्या कागदांचीहि चौकशी करावी. मालगुजारांच्या वाड्यांतील वाजिब-उल-अर्जाच्या नकला, पटवाऱ्याचे नकाशे, तेल्याच्या बीं-तेल-पेंडीच्या वह्या, गुराख्याच्या चराईचा हिशेब, आठवड्याच्या बाजाराच्या पावत्या, असे कागद रद्दींत जाण्यापूर्वीं हातीं लागले पाहिजेत. ज्यांत वेठीची अगर विहिरीच्या मनाईची नोंद असेल, ते तर मुळींच वगळूं नयेत. मात्र मूळ कागद गांवाबाहेर नेण्याचा मोह टाळावा. नक्कल व छायाचित्र घ्यावें, मोडी असेल तर बाळबोध करावें, आणि एक प्रत ग्रामसभेच्या स्वाधीन करावी. इतर दप्तरें संग्रहांत आलीं म्हणजे सुरक्षित होतात. हें दप्तर गांवांतच राहिलें पाहिजे. कारण त्यांत लिहिलेलें पुढील पावसाळ्यांत पुन्हा लागणार आहे.