उकिरड्यातली ऊब आणि धुराड्यातला वास

थंडीत पहाटे आमच्या साखरशेतात उकिरड्याजवळून गेलात तर वाफ दिसते. शेणाचा, पाल्याचा ढीग उकरून आत हात घातला की चटका बसतो. जुनी माणसं म्हणतात, खत शिजतंय. खाली चूल नाही, लाकूड नाही, मग शिजवतं कोण? जंतू. आधी साधे जंतू कामाला लागतात, त्यांच्या खाण्यापिण्यानेच ढीग तापतो. ताप पन्नास अंशांच्या पुढे गेला की ते मागे पडतात आणि उष्णतेतच सुखाने जगणारे दुसरे पुढे येतात. पुस्तकात यांना उष्णताप्रिय सूक्ष्मजीव म्हणतात.

आज हे आठवायचं कारण वेगळं आहे. दिवाळीला गावी आलेला पाड्यावरचा एक पोरगा भेटला. किनाऱ्याकडच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहे. म्हणाला, "दादा, रात्रपाळीला असा वास सुटतो की डोळे चुरचुरतात, डबा खाववत नाही. साहेब म्हणतात सवय होईल. याच्यावर काही इलाजच नसतो का?" इतकी वर्षं बातमीदारी करून मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. हे त्याचं उत्तर. थोडं लांबलंय, पण वाचा.

इलाज आहे, आणि तो जुना आहे.

१९५७ साली अमेरिकेत रिचर्ड पॉमरॉय या अभियंत्याला एका साध्या युक्तीचं पेटंट मिळालं. गटारातून येणारा सडक्या अंड्यासारखा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू, पाइपातून मातीच्या थराखाली सोडायचा. माती ओलांडून वर येईपर्यंत वास नाहीसा. मातीतले जंतू तो वायू खाऊन टाकतात. पुढे १९८० च्या दशकात जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये कारखान्यांनी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. मातीऐवजी खत, झाडाची साल, लाकडाचा भुसा. त्याला बायोफिल्टर म्हणतात. म्हणजे आपला उकिरडाच, फक्त खालून हवा सोडलेला.

आत काय घडतं? खताच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर असतो, त्यात जंतू राहतात. वायू त्या पाण्यात विरघळतो आणि जंतूंचं अन्न होतो. सॉल्व्हंटची वाफ असेल तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. हायड्रोजन सल्फाइड असेल तर सल्फेट.

अडचण एकच होती. साध्या जंतूंना साधारण पंधरा ते चाळीस अंश मानवतात. कारखान्याचा वायू त्याहून गरम. तो थंड करायला पाणी लागतं, वीज लागते, आणि खर्चाचा आकडा आला की मालक हात वर करतो.

इथे उकिरड्यातली ती दुसरी मंडळी कामी येतात. १९६६ साली थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून एक जंतू मिळवला. सत्तर अंशांत तो मजेत वाढत होता. १९६९ मध्ये त्याचं नाव जाहीर झालं, थर्मस अक्वाटिकस. तुम्ही म्हणाल याचा आपल्याशी काय संबंध? कोरोनात नाकातून काडी घालून जी आरटीपीसीआर चाचणी केली, ती पद्धत उभी राहिली या जंतूपासून मिळालेल्या एन्झाइमवर. पुढे २००७ मध्ये इटलीतल्या आणि न्यूझीलंडमधल्या ज्वालामुखीच्या भागांतून असे जंतू सापडले, जे ॲसिडसारख्या आंबट, गरम मातीत राहून मिथेन वायू खातात. पन्नास-साठ अंशांत चालणारे बायोफिल्टर प्रयोगशाळांत तपासले गेले. नेदरलँड्समध्ये तर नायट्रोजन ऑक्साइड काढायला पंचावन्न अंशांच्या आसपास जंतूंकडून काम करून घेणारी पद्धत तयार झाली.

गरम झरे आपल्यालाही परके नाहीत. सातिवली, कोकनेर, शेजारच्या ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, आणि तिथून खाली राजापूरपर्यंत कोकणात त्यांची रांगच आहे. अंगदुखीवर आपण त्या कुंडांत बसून येतो, त्या पाण्यातही हेच भाऊबंद राहतात.

पण हे जंतू जादूगार नाहीत. दीडशे अंशांचा वायू त्यांनाही सोसत नाही. धूळ आणि जड धातू ते खात नाहीत. गरम पाण्यात वायू कमी विरघळतो, थर लवकर सुकतो, आणि कारखाना फार काळ बंद राहिला तर बिचारे उपाशी मरतात. गुरांसारखं रोज बघावं लागतं. यंत्र बसवून, फोटो काढून विसरण्याचं हे काम नाही.

मग अडलंय कुठे? ज्ञानात अडलेलं नाही, हे आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातून कळतं.

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची गोष्ट घ्या. ५०० मेगावॉट, कोळशावर चालणारं. प्रकल्पाविरुद्धचा खटला १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, पण धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणाऱ्या यंत्रणेची, म्हणजे एफजीडीची अट पूर्ण विचार केल्याशिवाय सैल करू नका, असं न्यायालयाने बजावलं. १९९५ मध्ये केंद्र सुरू झालं, यंत्रणेशिवाय. १९९६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. १९९९ मध्ये प्राधिकरणाने यंत्रणा बसवाच असा आदेश दिला. ती चालू झाली २००७ मध्ये. समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी ही पद्धत तेव्हा नवी नव्हती, मुंबईत ट्रॉम्बेला आधीपासून होती. तरी केंद्र सुरू झाल्यापासून बारा वर्षं गेली. ही वर्षं तंत्रज्ञान शोधण्यात गेली नाहीत. लावायला भाग पाडण्यात गेली.

आता तारापूर. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण मिळाले, देशात पहिला नंबर. इथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. सत्तरच्या वर गेलं की अतिप्रदूषित. आणि वीज केंद्रांच्या धुरासाठी २०१५ मध्ये जे नियम आले, त्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढली. जुलै २०२५ मध्ये तर देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना एफजीडीतून सूटच मिळाली.

म्हणून त्या पोराला, आणि जव्हार-मोखाड्यातून पोट भरायला खाली उतरणाऱ्या सगळ्यांना सांगतो. "सवय होईल" हे उत्तर नाही. प्रदूषण करणाऱ्या कारखान्याला प्रदूषण मंडळाचं संमतिपत्र घ्यावं लागतं, त्यात धुराड्यातून काय आणि किती सोडायचं ते लिहिलेलं असतं. माहितीच्या अधिकारात ते मागता येतं. वास कुठल्या तारखेला, किती वाजता आला ते वहीत लिहून ठेवा. तक्रार एकट्याने करू नका, ठेकेदार उद्या घरी बसवेल. गावाच्या, संघटनेच्या नावाने करा. आणि विचारा, की जंतूंनी हा वायू खाऊन टाकायची सोय जगात इतकी वर्षं आहे, तर इथे का नाही?

आमच्या उकिरड्यावर जंतू फुकट राबतात. त्यांना कुणी सवय करून घ्यायला सांगत नाही. माणसालाच का सांगतात?

तुमच्या घरातलं कुणी कंपनीत असेल तर त्याला हे वाचून दाखवा. अनुभव खाली लिहा, नाव नको असेल तर मला मेसेज करा.