नवी आवृत्ती नाकारण्याचा अधिकार

इतिहास फक्त तहांचा आणि लढायांचा नसतो, परवान्यांचाही असतो. थ्रेडचा हा भाग त्याविषयी.

६ मे २०१३. लॉस एंजेलिस येथील मॅक्स परिषदेत अ‍ॅडोबीने जाहीर केले की, क्रिएटिव्ह सूट ६ नंतर त्या मालिकेची पुढची आवृत्ती निघणार नाही. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन यांच्या नव्या आवृत्त्या यापुढे केवळ वर्गणीवर मिळणार होत्या.

एक गैरसमज आधी दूर करू. पूर्वी खोका विकत घेणाराही सॉफ्टवेअरचा मालक होत नसे. त्याला मिळे तो वापराचा परवाना. मात्र त्या परवान्याला मुदत नसे. या बेमुदतपणातच एक मोठा अधिकार होता, नवी आवृत्ती नाकारण्याचा.

मराठी मुद्रणव्यवसायाने तो मनसोक्त वापरला. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ची. अ‍ॅडोबीने इनडिझाइन पुढे केले, तरी श्रीलिपीसारख्या अक्षरसंचांत जुळवलेला मजकूर सांभाळत आपल्याकडचे अनेक डीटीपी व्यावसायिक वर्षानुवर्षे पेजमेकरवरच राहिले. (त्यांतल्या किती प्रती परवान्याच्या होत्या, हा प्रश्न नाजूक आहे.)

कंपनीला हीच गोष्ट सलत होती. ग्राहक मधल्या आवृत्त्या गाळत आणि तरीही सवलतीत नवी घेऊ शकत. नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीने ही सवलत लगतच्या आवृत्तीपुरती आक्रसली. ओरड झाल्यावर सीएस३ व सीएस४च्या ग्राहकांना २०१२ अखेरपर्यंत मुदत द्यावी लागली. वर्गणीने हा झगडाच संपवला.

नवख्याला ती सोयीची होती, हे नाकारता येणार नाही. सीएस६ मास्टर कलेक्शनची किंमत २,५९९ डॉलर. क्लाउडची वार्षिक करारावरची वर्गणी दरमहा ४९.९९ डॉलर. म्हणजे सुमारे ५२ महिन्यांची वर्गणी आणि खोक्याची किंमत सारखीच. फरक ५३व्या महिन्यात पडे. पैसे थांबले की कामाचे हत्यारही हातातून जाई. म्हणूनच हजारो व्यावसायिकांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्या. कंपनी मागे हटली नाही.

ही भीती अनाठायी नव्हती, हे ऑक्टोबर २०१९ मध्ये दिसले. अमेरिकी अध्यक्षांच्या निर्बंध-आदेशाचा हवाला देत अ‍ॅडोबीने व्हेनेझुएलातील सर्व खाती २८ तारखेपर्यंत बंद करण्याचे घोषित केले. पुढे अमेरिकी सरकारची परवानगी मिळाली आणि निर्णय फिरला. मधल्या सुमारे तीन आठवड्यांत तेथील संकल्पनकार, छायाचित्रकार आपल्या फाइली वाचवण्याच्या धावपळीत होते. बेमुदत परवान्याची जुनी प्रत दरमहा कोणाची अनुमती मागत नसे.