जागा मिळाली, सोबत कोण बसले?

मजूरमंत्री असताना, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना एक निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी देशात वर्षाला दोन लाख आणि परदेशासाठी एक लाख रुपये मागितले होते. कला आणि कायद्याच्या पदवीने समाजाचे फार भले होणार नाही, हे स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस लिहीत होता! आरक्षणावर भाषणे करणारे आपल्यात पुष्कळ आहेत, हे निवेदन वाचलेले थोडे.

पहिली आयआयटी १९५१ साली खरगपूरला निघाली. तिथे अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळाले १९७३ साली. बावीस वर्षे अशीच गेली.

जागा मिळाली, पण पहिल्याच वर्षी गणितात मुले गळू लागली की उत्तर तयार असते: गुणवत्ता नाही. उपाय म्हणून वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम आला. त्याचा उपयोग झाला, हे आम्ही नाकारत नाही. पण कमतरता विद्यार्थ्यातच आहे, हे त्यात गृहीतच धरलेले असते.

हेच गृहीतक अमेरिकेत बर्कले विद्यापीठात उरी ट्राइसमन यांनी तपासून पाहिले. कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये नापास का होतात? प्राध्यापक म्हणत, जिद्द नाही, घरचे वळण नाही. ट्राइसमन मुलांच्या मागे मागे फिरले. दिसले ते वेगळेच. कृष्णवर्णीय मुले भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुले गट करून बसत, एकमेकांच्या चुका काढत, आपण कुठे आहोत हे त्यांना परीक्षेआधीच कळे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गटवर्ग सुरू केले. उजळणीचे सोपे वर्ग नव्हेत, तर मुद्दाम अवघड गणितांचे. निकाल सुधारले.

जात म्हणजे वंश नव्हे, असा आक्षेप येईल. बरोबर आहे. तिथे रंग दिसतो, इथे वसतिगृहात पहिल्याच दिवशी रँक विचारली जाते. रँक सांगितली की जात कळते. मग आपला मुलगा गटात जाईल कशाला? सीनियरच्या वह्या, जुन्या प्रश्नपत्रिका त्याच्यापर्यंत पोहोचतील कशा? एम्सची चौकशी करणाऱ्या थोरात समितीनेही २००७ साली हा दुरावा नोंदवला आहे.

२०१५ साली आयआयटी रुरकीने पहिल्या वर्षाच्या सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना कमी गुणांसाठी काढले. त्यात बहुसंख्य राखीव प्रवर्गातले होते. पुढे त्यांना वर्ष पुन्हा करण्याची संधी दिली गेली. गुण सगळ्यांनी मोजले. त्या वर्षभरात त्यांच्यासोबत गणिताला कोण बसले होते, हा प्रश्न आम्ही विचारतो आहोत.