बहांदरी ते बँक : बडोद्यातील भरवशाची किंमत

अठराव्या शतकाच्या अखेरीस बडोद्याच्या गायकवाडी दरबाराचा कारभार महसुलापेक्षा सावकारांच्या कर्जावर अधिक चालत असे. शिबंदीचा पगार थकला की फौज अडून बसे, वसूल मात्र हंगामाप्रमाणे हप्त्याहप्त्याने येई, आणि ही तफावत हरिभक्ती, सामळ बेचर यांच्यासारख्या पेढ्या भरून काढीत. यांपैकी सरकारी वसुलाच्या भरवशावर आगाऊ रक्कम देणाऱ्या सावकारास पोतेदार म्हणत. त्याच्या रकमेवर व्याज तर चढेच, शिवाय मनोती नावाची वेगळी आकारणी होई. फेड म्हणून त्याच्या हाती वरात पडे, म्हणजे अमुक महालाच्या वसुलातून अमुक रक्कम द्यावी असा कमाविसदाराच्या नावचा लेखी हुकूम मिळे. पाऊस लांबला, कमाविसदार बदलला किंवा दुसऱ्या धनकोची वरात आधी पोचली, की त्या हुकमाला रद्दीइतकेही मोल उरत नसे.

या अनिश्चिततेतून बहांदरीची प्रथा बळावली. दरबाराने दिलेला शब्द दरबारच पाळील याची खात्री नसल्याने धनको तिसऱ्या बलवान पक्षाची हमी मागत, आणि बडोद्यात असा पक्ष म्हणजे अरब शिबंदीचे जमादार होते. राज्याचा पगार खाणारे लोकच राज्याच्या शब्दाला जामीन राहत होते, यापेक्षा दरबाराच्या पतीचा अधिक कडक ताळेबंद कोणता असणार? 1802 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा मेजर अलेक्झांडर वॉकर बडोद्यात आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शहराला वेढा घालून अरबांना बाहेर काढण्यात आले. पण त्यांची थकबाकी भागवावी लागली आणि त्यांनी दिलेल्या बहांदऱ्याही कंपनीला स्वतःच्या माथी घ्याव्या लागल्या, कारण त्या हमीशिवाय नवे कर्ज कोणी देईना.

सावकाराची ही सावधगिरी लोभाच्या किंवा भित्रेपणाच्या खाती टाकण्याची सवय इतिहासलेखनात जुनी आहे. मेंदूविज्ञानाने गेल्या काही दशकांत जे दाखविले, त्याच्या प्रकाशात तो निवाडा उतावळा वाटतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की मध्यमेंदूतील डोपामिन स्रवणाऱ्या चेतापेशी केवळ फळाचा रस मिळाला म्हणून उद्दीपित होत नाहीत. अपेक्षेपेक्षा अधिक मिळाले तर त्यांचे स्पंदन वाढते, अपेक्षेइतकेच मिळाले तर ते जसेच्या तसे राहते आणि अपेक्षित रस चुकला तर मंदावते. अपेक्षा व प्राप्ती यांतील या फरकाला ‘भाकीत-त्रुटी’ म्हणता येईल. तिच्यावरून मेंदू पुढच्या वेळची अपेक्षा सुधारून घेतो. पुढील प्रयोगांत असेही दिसले की बक्षीस जितके लांबणीवर पडते, तितका त्याची चाहूल देणाऱ्या खुणेला या पेशींचा प्रतिसाद क्षीण होतो. उशिराच्या लाभाचे मोल आजच कमी धरण्याच्या या प्रवृत्तीला अर्थशास्त्रात कालसूट म्हणतात.

माकडाच्या रसावरून पेढीच्या खतावणीपर्यंत थेट उडी मारणे अर्थातच धाडसाचे ठरेल. तरीही धीर हा केवळ स्वभावाचा गुण नसून समोरच्याच्या विश्वासार्हतेचे ते माप असते, याला माणसांवरील प्रयोगांचाही आधार आहे. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या मुलांना आधी शब्द पाळणारा मोठा माणूस भेटला होता, ती दुप्पट खाऊसाठी सरासरी बारा मिनिटे थांबली. शब्द मोडणारा भेटलेली मुले तीनच मिनिटे थांबली. वरात वटेल की नाही या विवंचनेत असलेला पोतेदार मनोती आकारी, ती याच फरकाची किंमत होती. थोड्या मुदतीसाठी गाव मक्त्याने घेणारा इजारदार रयतेला पिळून काढी, त्याचेही गणित वेगळे नव्हते, कारण पुढल्या साली गाव आपल्याकडे राहील याची त्याला शाश्वती नसे.

कंपनीच्या बहांदरीने सावकार निर्धास्त झाला, पण दरबार अंकित झाला. दुसऱ्या सयाजीरावांच्या काळात हमीच्या कर्जांवरून कंपनीच्या दरबारातील प्रतिनिधीशी, म्हणजे रेसिडेंटाशी, खटके उडाले आणि 1828 मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी राज्याचे काही महाल धनकोंची फेड करण्यासाठी जप्त केले. लॉर्ड क्लेअर यांच्या भेटीनंतर 1832 मध्ये ते प्रकरण मिटले. हमी परक्याकडून उसनी घेतली की व्याजाखेरीज काय मोजावे लागते, हे बडोद्याने चांगलेच अनुभवले होते.

तिसऱ्या सयाजीरावांच्या पुढाकाराने 20 जुलै 1908 रोजी, बडोदा राज्याच्या 1897 च्या कंपनी कायद्याखाली, बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. संपतराव गायकवाड, विठ्ठलदास ठाकरसी, लल्लुभाई सामळदास आणि अमेरिकन अर्थसल्लागार राल्फ व्हाइटनॅक यांचा तिच्या उभारणीत सहभाग होता. जमादार, रेसिडेंट किंवा पोतेदार यांच्या व्यक्तिगत वजनावर टिकणारा भरवसा येथे छापील हिशेब, नोंदलेले भांडवल आणि कायद्याने बांधलेले संचालक यांच्यावर उभा राहिला, आणि बहांदरीच्या शतकभरानंतर झालेला खरा पालट हाच मानला पाहिजे. 1913 मध्ये पीपल्स बँक आणि इंडियन स्पेसी बँक बुडाल्या व ठेवीदारांची घबराट देशभर पसरली, तेव्हा बडोद्याची ही पाच वर्षांची बँक तगली. 19 जुलै 1969 रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले. बँकेतील ठेवींना विम्याची हमी देण्यास भारतात 1962 मध्ये प्रत्येक ठेवीदारामागे 1,500 रुपयांपासून सुरुवात झाली होती. 2020 मध्ये ती मर्यादा 5 लाख रुपये करण्यात आली.