दूरशिक्षण आणि तोंडी परीक्षा

परीक्षा म्हटली कीं प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका व पर्यवेक्षक ही त्रयी डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु लेखी परीक्षेचें हें राज्य फार जुनें नाहीं. आपल्याकडील शास्त्री वादसभेंत आक्षेपांस तेथल्या तेथें उत्तर देऊन मान्यता मिळवीत. केंब्रिज येथेंहि पूर्वीं पदवीसाठीं लॅटिन भाषेंत वादविवाद करावा लागे. 'रँग्लर' या शब्दाचा मूळ अर्थ वाद घालणारा असाच आहे. १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनिअर रँग्लर झाले, तेव्हां वाद जाऊन नांव तेवढें उरलें होतें.

हा बदल दूरशिक्षणाच्या पथ्यावर पडला. १८४० त इंग्लंडांत एक पेनीचें टपाल सुरू झालें आणि त्याच सालीं आयझॅक पिटमन टपालानें लघुलेखन शिकवूं लागले. शिष्यानें लिहून धाडावें, गुरूनें तपासून परत करावें, असा क्रम होता. १८५८ त लंडन विद्यापीठानें कॉलेजांत न शिकलेल्यांसहि आपल्या परीक्षा खुल्या केल्या. त्याच नमुन्यावर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून, आमचें मुंबई विद्यापीठ १८५७ त जन्मास आलें होतें. कागद दूर जाई, आवाज जात नसे. म्हणून दूरच्या विद्यार्थ्याची पारख मुख्यतः कागदावरूनच होऊं लागली. पुढें १९८५ त इंदिरा गांधी व १९८९ त नाशिकचें यशवंतराव चव्हाण, हीं मुक्त विद्यापीठें निघालीं, तरी स्वाध्याय व लेखी परीक्षा हाच मुख्य आधार राहिला.

घरून लिहून आलेल्या कागदाचा दोष हा कीं, लिहिणारा कोण हें तो सांगत नाहीं. २०२२ च्या अखेरीपासून तर निबंध रचून देणारीं यंत्रें घरोघरीं पोंचलीं. उलट, २०२० च्या महामारींत पडद्यावरून विषय मांडण्याची रीत सर्वत्र परिचित झाली होती. विद्यार्थी आपल्या घरीं बसून दहा मिनिटें बोलतो, कोष्टकें दाखवितो, आणि मग परीक्षक प्रश्न विचारतो. आमच्या मतें खरी परीक्षा या प्रश्नांतच आहे. भाषण पाठ करतां येतें, पण 'हें तुम्ही कशावरून म्हणतां?' याचें उत्तर पाठ करून ठेवतां येत नाहीं. शास्त्र्यांची वादसभा अशा रीतीनें नव्या वेषांत परत आली आहे.

तथापि लेखी परीक्षेनें दिलेलें एक देणें आम्हांस विसरतां येत नाहीं. उत्तरपत्रिकेवर केवळ क्रमांक असे. लिहिणाऱ्याची जात, रूप, बोलीचा हेल यांपैकीं कांहींच परीक्षकास दिसत नसे. पडद्यावर हें सारें दिसतें, घराची भिंतहि दिसते. जिच्या गांवीं संदेशवहन मध्येंच तुटतें, त्या विद्यार्थिनीचें मौन अज्ञान ठरण्याचा धोका आहे. म्हणून गुणदानाचे निकष आधीं जाहीर असावेत, परीक्षक दोन असावेत, सादरीकरणाचें मुद्रण जपून ठेवावें, आणि संपर्क तुटल्यास पुन्हां संधि मिळावी. एवढें पथ्य पाळलें, तरच दूरच्या विद्यार्थ्यास आवाज मिळेल आणि न्यायहि मिळेल.