मुडदूस व सूर्यप्रकाश

मुडदूस या रोगात बालकांची हाडे मऊ होऊन वाकतात. त्याचे कारण सदोष आहार की सूर्यप्रकाशाचा अभाव, याविषयी विसाव्या शतकाच्या आरंभी वाद होता. नाशिक भागात हचिसन व शाह यांनी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरेसा आहार मिळणाऱ्या, परंतु गोषा पाळणाऱ्या सधन हिंदू-मुसलमान कुटुंबांत हा रोग आढळला. निकृष्ट आहारावर उन्हात राबणाऱ्या गरिबांत तो क्वचितच दिसला. प्रतिष्ठेसाठी पाळलेला गोषा स्त्रिया व बालके यांच्या हाडांना अपायकारक ठरत होता. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक यांनी १९२४ मध्ये जंबुपार किरणांमुळे अन्नातही रोगप्रतिबंधक गुण येतो, असे दाखविले. त्यामुळे दोन्ही मतांचा मेळ बसू लागला. उन्हामुळे त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व अन्नातूनही मिळू शकते.